महाराजांच्या हाताजवळची डबी

माझा नवरा गेला त्याच्या पुढच्या शुक्रवारी आमच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. सतरंज्या कुणी अंथरल्या, चहा कुणी केला, यातलं मला काही आठवत नाही. एक वाक्य तेवढं आठवतं. महाराज उठले, डोळे मिटून क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, "उपासना चांगली होती. श्रद्धा कमी पडली." दाटीवाटीनं बसलेल्या माणसांनी माना डोलावल्या. महाराजांच्या पत्नी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांची माझ्या दंडावरची बोटं एकदम घट्ट झाली, एवढं जाणवलं. फोटोवरचा हार अजून ओला होता, आणि फोटोतल्या माणसाला सगळ्यांदेखत नापास करून महाराज परत आपल्या जागी बसले.

महाराज मुळात बँकेतले. कुवेतला आले तेव्हा सगळे त्यांना साहेब म्हणत. बनेद अल-गारला समुद्राकडे तोंड असलेला फ्लॅट, शुक्रवारी सकाळी घरी पोथीवाचन, वाचनानंतर पोहे नाहीतर साबुदाण्याची खिचडी. परदेशात माणूस आपल्या भाषेतले चार शब्द कानावर पडावेत म्हणून कुठेही जातो, तसे आम्हीही जायचो. पुढे वाचनानंतर साहेब अर्थ सांगू लागले, मग सल्ले देऊ लागले, मग त्यांच्यासाठी वेगळं आसन आलं. साहेबांचे महाराज नेमके कधी झाले हे कुणालाच सांगता येणार नाही. त्यांच्या पत्नीला मंडळी आईसाहेब म्हणू लागली. मी मात्र त्यांना काकूच म्हणत राहिले, आणि त्यांनाही ते बरं वाटायचं.

नवऱ्याच्या हृदयात स्टेंट बसवला होता. जाब्रियातल्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, की रक्त पातळ ठेवणारी गोळी काही झालं तरी चुकवायची नाही. छोटीशी, फिकट गुलाबी गोळी. महाराजांनी त्याला बाजूला बसवून सांगितलं की रोजच्या गोळीनं माणूस आतून लुळा होतो. आता नामाचं बळ घ्या, गोळी सोडा. नवरा ऑडिटमधला. दिवसभर दुसऱ्यांच्या आकड्यांवर संशय घेणं हे त्याचं काम. या एका माणसावर त्यानं कधी संशय घेतला नाही. मी भांडले. गोळी आणि पाण्याचं भांडं समोर ठेवून बसले, रडले, डॉक्टरांना फोन लावून त्याच्या हातात दिला. तो हसून हो म्हणायचा आणि पाकीट न फोडता खणात ठेवून द्यायचा. ऑफिसच्या पार्किंगमध्ये तो सापडला तेव्हा गाडीचं दार उघडंच होतं.

महाराजांना तुरुंगात घालावं असं मला वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर वाटत होतं, पण ते होण्यातलं नव्हतं. सल्ला तोंडी, आणि तो मानणारा माणूस मोठा, शिकलासवरलेला. मला एकच गोष्ट हवी होती. ते वाक्य महाराजांनी मागं घ्यायला हवं होतं, आणि ज्यांनी माना डोलावल्या त्यांच्यासमोर घ्यायला हवं होतं. माझा नवरा जिवानिशी गेला, आणि वर त्याच्याच माथी दोष. हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. मुलगी पुण्याला कॉलेजात असते. फोनवर ती म्हणायची, "आई, जस्ट लेट इट गो ना." मी तिला बरं म्हणायचे. सोडून देणं माझ्या स्वभावातच नाही. शाळेत माझी पट्टी मुद्दाम मोडणाऱ्या मुलीशी मी अजून बोलत नाही.

कुवेतला मी नवऱ्याच्या व्हिसावर होते. तो गेल्यावर माझा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, फहाहीलच्या एका फ्रेमवाल्यांनी आपल्या दुकानावर करून घेतला. हे गृहस्थ रत्नागिरीकडचे, सगळी हयात कुवेतमध्ये गेलेली. आम्ही त्यांना भाई म्हणतो. मी लग्नाआधी मुंबईला छापचित्रण शिकले होते. तांब्याच्या पत्र्यावर कोरणीनं रेषा कोरायच्या, त्यांत शाई भरायची, ओलसर कागद ठेवून प्रेसखालून काढायचा, की छाप तयार. संसारात ते सगळं बासनात गेलं होतं. भाईंच्या दुकानात मी जुन्या चित्रांचे कागद साफ करायचे, चित्रांभोवतीचे पुठ्ठ्याचे माउंट कापायचे. मागच्या खोलीत एक छोटा हातप्रेस पडून होता, कुवेत सोडून जाणाऱ्या कुणा चित्रकलेच्या शिक्षकानं मागं ठेवलेला. मी त्याची धूळ झटकली आणि तेल घातलं, एवढंच.

एकदा एका वयस्कर कुवेती बाईंनी नव्या फ्रेमसाठी छापचित्रांची चळत पाठवली. सतराव्या शतकातली, बरोक म्हणतात त्या शैलीतली, युरोपातल्या बिशप आणि कार्डिनल मंडळींची कोरलेली व्यक्तिचित्रं. सगळ्यांचा थाट एकच. लंबगोल दगडी चौकट, तिच्यात कमरेपर्यंतचा माणूस. मागे जाडजूड पडदा, एका बाजूला सारलेला, आणि पडद्यामागे खांब. खाली चौथरा, त्यावर लॅटिन अक्षरांत नाव आणि पदव्या. वर घराण्याचं चिन्ह, त्यावर टोपी, टोपीच्या दोन्ही बाजूंना लोंबणारे गोंडे; गोंडे जितके जास्त, तितका माणूस मोठा. एका हातात अंगठी. दुसऱ्या हाताचं बोट मिटलेल्या पुस्तकाच्या पानांत अडकवलेलं, म्हणजे आमचं वाचन चाललं होतं, तुम्ही मध्येच आलात, तरी आम्ही रागावलो नाही.

मी भिंग लावून ती बघत बसायचे. भिंगाखाली बिशपचा चेहरा राहतच नाही. नुसत्या रेषा उरतात, कुठे जाड, कुठे बारीक, गालाच्या वळणावर ठिपके. सगळा दरारा त्या रेषांनी उभा केलेला, आणि तो उभा करणाऱ्याचं नाव चौथऱ्याच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. भाईंनी विचारलं, या टोपीवाल्यांत एवढं काय बघत बसतेस. मी म्हटलं, माणूस मोठा कसा बनवतात ते बघते आहे. त्या काळची एक रीत तर मला फारच आवडली. बिशप मेला की कधीकधी नवा पत्रा कोरतच नसत. जुन्याच पत्र्यावरचं डोकं घासून काढायचे आणि नव्या बिशपचं डोकं तिथे कोरायचे. झगा तोच, पडदा तोच, आशीर्वादाचा हातही तोच. वर डोकं कुणाचं आहे यानं फारसं बिघडत नव्हतं.

याच सुमारास महाराज दुकानात आले. त्यांना आपल्या गुरूंचा फोटो मढवून हवा होता. मला पाहून त्यांनी हात जोडले, बऱ्या आहात ना म्हणून विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आतच त्यांची नजर भिंतीला टेकवून ठेवलेल्या एका कार्डिनलवर गेली. तिथून ती हलेना. भाई नमाज पढून परत आले तरी महाराज तिथेच उभे. बँकेतले हिंदू महाराज, फहाहीलच्या मुसलमान फ्रेमवाल्याच्या दुकानात, रोमच्या कार्डिनलसमोर. पण मोठेपणाची हाव असली की माणसाला आपल्या मापाचा पोशाख कुठेही ओळखू येतो. जाताना त्यांनी त्या पडद्याचा अर्थ विचारला. दर्शन मिळतंय ती कृपा आहे, पडदा केव्हाही परत ओढला जाऊ शकतो, असं मी सांगितलं. ते त्यांनी मान हलवत ऐकलं.

पुढच्याच आठवड्यात त्यांच्या मंडळींपैकी दोघं दुकानात हजर. गुरुपौर्णिमेला महाराजांचं असंच चित्र हवं होतं. एक मढवून महाराजांच्या हॉलमध्ये लावायचं आणि प्रत्येक घराला एकेक छाप द्यायची, देवघरात ठेवायला. मीच ते करावं अशी महाराजांची इच्छा होती. त्यातल्या एकानं मला विश्वासात घेऊन सांगितलं, की महाराज म्हणाले, ताईंचा राग निवळेल, सेवेत मन रमेल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गोड हसले आणि काम घेतलं. अट एकच घातली: मी मनानं काही काढत नाही, महाराजांच्या घरी येऊन, त्यांच्या हाताजवळ जे खरोखर असतं तेच काढीन. ही अट महाराजांना फार आवडल्याचं मागाहून कळलं.

तेव्हा माझ्या डोक्यात एक बारकासाच डाव होता. तांब्यावर जे कोरावं ते कागदावर उलटं उमटतं. छापात उजवा हात हवा असेल तर पत्र्यावर डावा कोरावा लागतो, म्हणून आम्ही समोर आरसा ठेवून काम करतो. नवखा कोरणारा हे विसरला, की त्याचा बिशप डाव्या हातानं आशीर्वाद देत बसतो. त्या चळतीत असा एक होताही, बिचारा. महाराजांनाही तेच करायला लावायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. डाव्या हाताचा आशीर्वाद कुवेतमध्ये कुणी घेणार नाही आणि आपल्याकडेही नाही. विचारलं तर म्हणायचं, हात बसला नव्हता हो, बरीच वर्षं काम सुटलं होतं.

महाराज बँकेत जायच्या आधी, सकाळी, मी त्यांच्याकडे जायचे. ते खिडकीशी रेशमी उपरणं घेऊन बसायचे. शेजारच्या छोट्या टेबलावर पोथी, जपमाळ, पितळी समई. हात कसा ठेवायचा ते त्यांचं त्यांनीच ठरवलं, आणि पोथीत बोटही न सांगता घातलं. कार्डिनलकडून बरंच शिकले होते. बसल्या बसल्या ते बोलत राहायचे, कारण गप्प राहणं त्यांना जमत नाही. माझ्या नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही. मी खालमानेनं उपरण्याच्या चुण्या काढत राहायचे आणि मनातल्या मनात त्यांच्या कानाखाली आवाज काढायचे.

एका सकाळी काकू पाण्याचा पेला आणि एक डबी घेऊन आल्या. पारदर्शक प्लास्टिकची लांबट डबी, आठवड्याचे सात कप्पे, प्रत्येक झाकणावर वाराचं इंग्रजी आद्याक्षर. महाराजांनी बोलता बोलताच एक झाकण उघडलं आणि तळहातावर गोळ्या ओतल्या. त्यांत एक छोटी, फिकट गुलाबी होती. ती गोळी मी झोपेतही ओळखीन. त्यांनी गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी प्यायले, पेला टेबलावर ठेवला आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुढे सुरू केलं. ते वैराग्याविषयी बोलत होते.

माझी पेन्सिल थांबली. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग डबीकडे. मला वाटलं, आता उचलून आत नेतील. त्यांनी पेला उचलला. डबी मात्र जपमाळेशेजारी, खिडकीच्या उजेडात, माझ्या बाजूला थोडी सरकवून ठेवली, आणि आत गेल्या. मी कागदावर आधी ती डबी काढली. महाराजांचे डोळे त्यानंतर काढले.

तिथून निघाल्यावर बसस्टॉपवर उन्हात उभी राहून मी मोठमोठ्यानं शिव्या दिल्या, मराठीत, एकटीच. बाकावरची फिलिपिनो नर्स दचकून पलीकडे सरकली. माझ्या नवऱ्यानं गोळी घेतली तर तो लुळा, आणि यांनी घेतली की तो नाश्ता. इतके दिवस मला वाटत होतं, की निदान या माणसाचा स्वतःच्या बोलण्यावर तरी विश्वास असेल. मूर्ख असेल, पण खरा असेल. तेवढंही नव्हतं. डाव्या हाताचा डाव मी त्या बसस्टॉपवरच सोडून दिला. डावा हात ही कोरणाऱ्याची चूक ठरली असती आणि सगळ्यांनी मोठ्या मनानं ती मला माफ केली असती. मला कुणाची माफी नको होती, आणि आता खोटं काही कोरायची गरजही उरली नव्हती.

तांब्याचं काम घाईनं होत नाही. कोरणी धरलेला हात जवळजवळ जागच्या जागी राहतो, वळण हवं असेल तर खालचा पत्रा फिरवावा लागतो. रागानं जोर लावला की कोरणी घसरते आणि पत्र्यावर ओरखडा येतो. म्हणून राग मी पुरवून पुरवून वापरला. महाराजांना मी कुठेही कमी केलं नाही. पडदा दिला, खांब दिला, टोपीच्या जागी कमळ दिलं, गोंड्यांच्या जागी घंटांच्या माळा सोडल्या. नजर अशी कोरली की खोलीत कुठेही उभं राहा, महाराज तुमच्याकडेच बघतायत. आशीर्वादाचा हात आरशात पुन्हा पुन्हा तपासून नेमका उजवा उमटेल असा केला. आणि टेबलावर, पोथी आणि जपमाळ यांच्यामध्ये, डबी. तिची झाकणं, झाकणांवरची उलटी कोरलेली अक्षरं, आतल्या गोळ्यांची गोलाई. आख्ख्या पत्र्यावर त्याहून नीट काम मी दुसरीकडे केलेलं नाही.

चाचणीची छाप बघायला महाराज मंडळींना घेऊन दुकानात आले. डबी कुणाच्या लक्षात आली तर सगळं तिथेच संपणार होतं. महाराजांनी चित्र हातात घेतलं आणि फक्त आपला चेहरा पाहिला. डोळ्यांखालच्या पिशव्या थोड्या कमी करता येतील का, विचारलं. हनुवटी जरा वर घेता येईल का, तेही विचारलं. मी सगळ्याला हो म्हटलं. बरोबर आलेल्या एकानं डबीवर बोट ठेवून, हे काय, असं विचारलं. महाराजांच्या हाताजवळची डबी, मी म्हटलं. "वेलदोड्यांची असेल," तो आपणहून म्हणाला आणि पुढे पडद्याचं कौतुक करायला लागला. महाराज अजून हनुवटीच बघत होते.

भाईंना मात्र फसवता आलं नाही. मंडळी गेल्यावर त्यांनी माझं भिंग उचललं आणि टेबलाचा भाग बराच वेळ निरखला. मग म्हणाले, "ही डबी वेलचीची नाय गे." मी त्यांना सगळं सांगितलं, गुलाबी गोळीपासून शोकसभेतल्या वाक्यापर्यंत. दुकान त्यांचं, माझा इकामा त्यांच्या नावावर. नको म्हणाले असते तर मला पत्रा बाजूला ठेवावा लागला असता. त्यांनी भिंग पुसून जागेवर ठेवलं. मोठ्या फ्रेमला साधी काच लावू नकोस, तिच्यावर दिव्याची तिरीप पडते, एवढंच बोलले आणि तिरीप न पडणारी महागाची काच स्वतःच कापायला घेतली.

गुरुपौर्णिमेचा सोहळा सुट्टी म्हणून शुक्रवारी ठेवला होता. बाहेर अंग भाजून काढणारं ऊन, आत एसी गारेगार. माझ्या हॉलमध्ये बसलेली तीच सगळी माणसं महाराजांच्या हॉलमध्ये बसली होती. दारात चपलांच्या ढिगाशेजारी पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या होत्या, त्यांत प्रत्येक घरासाठी एकेक छाप गुंडाळून ठेवलेली. भिंतीवर फ्रेम, तिच्याखाली खिडकीजवळचं तेच छोटं टेबल, पोथी आणि माळेसकट, आणि मंडळींनी हौसेनं तिच्यावर लाल मखमली पडदा लावला होता. महाराज आसनावर, पाय चौरंगावर. पाद्यपूजा झाली, पायांवर फुलं वाहिली, मग काकूंनी दोरी ओढली आणि पडदा बाजूला सरकला. सगळ्यांच्या तोंडून एकदम आवाज निघाला. खोटं कशाला बोलू, चित्र देखणंच झालं होतं.

मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. या चित्रातल्या खुणांचा अर्थ सगळ्यांना समजावून सांगा, असं महाराजच म्हणाले. मी फ्रेमशेजारी उभी राहिले. पडदा का असतो ते सांगितलं. खांब म्हणजे हा माणूस हलणारा नाही, हे सांगितलं. पोथीतल्या बोटाचा अर्थ सांगितला तेव्हा मंडळी कौतुकानं हसली. मग मी टेबलापाशी आले.

"अशा चित्रांत टेबलाला फार महत्त्व असतं," मी म्हटलं. "माणसाची ताकद ज्यावर टिकून आहे ते टेबलावर ठेवतात. इथे पोथी आहे, माळ आहे, आणि ही डबी आहे. ही गोळ्यांची डबी आहे. रक्त पातळ ठेवणारी गोळी महाराज रोज सकाळी यातून घेतात. माझ्या नवऱ्याला त्यांनी तीच गोळी सोडायला लावली. तो मेला, आणि महाराज तुम्हा सगळ्यांसमोर म्हणाले, श्रद्धा कमी पडली."

महाराज हसले. बँकेत गिऱ्हाईक चिडलं की हसत असतील तसे, शांत, समजूतदार. "ताई अजून दुःखात आहेत," ते म्हणाले. "वेलदोड्यांची डबी आहे ती." दुकानात आलेल्या त्या गृहस्थांनी लगेच दुजोरा दिला, की तेव्हाच मी ओळखलं होतं. सगळा हॉल सुटल्यासारखा झाला. कुणी घसा खाकरला, एका बाईनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं, पलीकडची एकजण शेजारणीच्या कानाशी लागली. इतके दिवस मान मोडून कोरलेलं सगळं एका वेलदोड्यात संपणार होतं, आणि उद्यापासून मी डोक्यावर परिणाम झालेली विधवा ठरणार होते.

तेवढ्यात काकू उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, प्रसाद आणायला गेल्या. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात ती डबी होती. त्यांनी ती फ्रेमखालच्या टेबलावर, चित्रात जशी होती तशीच, माळेशेजारी ठेवली. झाकणावरची अक्षरं आणि छापातली अक्षरं पुढच्या रांगेतल्यांना बसल्या जागेवरून जुळवता येत होती.

"आज शुक्रवार," काकू म्हणाल्या. "शुक्रवारचा कप्पा रिकामा आहे. सकाळी मीच दिल्या. बाकीच्या कप्प्यांत काय आहे ते कुणीही उघडून बघा."

कुणी उठलं नाही. काकू आसनाशेजारच्या आपल्या जागेवर गेल्याच नाहीत. त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि शोकसभेत धरला होता तसा त्यांनी माझा दंड धरला. मी महाराजांकडे वळले. ते माझ्याकडे बघत नव्हते. भिंतीवरचे महाराज मात्र माझ्याकडेच बघत होते, ते मीच तसे कोरले होते.

"ते वाक्य मागं घ्या," मी म्हटलं.

महाराजांचे पाय चौरंगावर होते, ओले, बोटांच्या बेचक्यांत झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. असे पाय घेऊन माणसाला उठून जाताही येत नाही. त्या पायांकडे बघतच ते पुटपुटले, "त्यांची श्रद्धा कमी नव्हती. मी बोललो ते मागं घेतो."

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "ऐकू आलं नाही." कोण म्हणालं ते मला अजून माहीत नाही. महाराजांना ते पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं. एरवी पोथी वाचतात त्या आवाजात त्यांनी ते म्हटलं, आणि ते अगदी स्वयंपाकघरापर्यंत पोचलं असणार.

असं काही मिळालं की आतून रितं वाटतं, पश्चात्ताप होतो, असं मुलगी मला फोनवर सांगायची. मला तसं काहीही झालं नाही. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. खिचडीला कुणी हात लावत नव्हतं, मी बशी भरून घेतली आणि सगळी संपवली. चपला घालताना लोक त्या पुठ्ठ्याच्या नळ्यांकडे बघत होते. काहींनी घेतल्या, काहींनी नाही. शोकसभेत माझ्याच समोर बसून जोरजोरात मान डोलावणारे एक गृहस्थ होते. त्यांनी नळी उचलली, परत ठेवली, मग माझ्यापाशी येऊन उभे राहिले आणि काही बोलणं न जमल्यामुळे तसेच निघून गेले. त्यांना मी मदत केली नाही.

पुढे मंडळींपैकी दोघं दुकानात आले. तांब्यावरचं घासून काढता येतं, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. डबी तेवढी घासून काढा, तिच्या जागी फुलं कोरा, नव्या छापा काढू, असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, येतं की घासून काढता. जुने लोक तर आख्खं डोकं घासून काढायचे आणि दुसऱ्याचं बसवायचे. हवं तर तेवढं करून देते, डबी राहील. ते दोघं उठून गेले. भाई आतल्या खोलीत काच कापत होते, त्यांनी नुसतं खाकरून दाखवलं.

पत्रा मी त्याच संध्याकाळी घरी आणला आणि मऊ कापडात गुंडाळला. नवऱ्याच्या टेबलाच्या खणात त्याच्या गुलाबी गोळ्यांची न फोडलेली पाकिटं अजून आहेत. त्यांची मुदत कधीच उलटून गेली आहे, तरी मला ती टाकवत नाहीत. ती थोडी मागे सारून मी पत्र्याला जागा केली आणि खण बंद केला.